सर्वरमधली पितरं

भावजी,

काल तुम्ही गेल्यानंतरचं जलदान उरकलं. माणसं पुष्कळ आली. आमटी तिखट झाली होती, पण कुणी पानात टाकली नाही. जो उठला तो तुमच्याविषयी बोलला आणि जो बोलला त्यानं तुम्हाला देवमाणूस केलं. आपल्यात देव मानत नाहीत, हे बोलणाऱ्याला आठवलं नाही आणि ऐकणारेही माना हलवत राहिले. मलाही म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." मी म्हणाले, "आधी जेवणं होऊ द्या. माझं ऐकून कुणाला घास उतरायचा न्हाई."

आता वाचनालयाची मंडळी तुमच्यावर पुस्तिका काढणार आहेत. त्यात घरातल्या कुणाचं तरी पाहिजे. अनिल म्हणाला, आई, तूच लिही. तुमचं शिक्षण, टेलिफोन खात्यातली नोकरी, संगणक केंद्राची सुरुवात, हे सगळं दुसरे लिहितील. मी तुमच्याकडे शिकायला आलेल्या सुरेखाचं लिहिणार आहे. तुम्ही होता तेव्हा मी ते तोंडावर बोलतच होते, पण तुम्ही उत्तर देत नव्हता. आता उत्तर न द्यायला तुम्हाला निमित्त तरी आहे.

गेलात मात्र सुखात. अर्धा चहा प्यायलात, कप बशीत ठेवलात आणि मान टाकलीत. कपाला टवका गेला नाही. माझ्या बहिणीला मरायला सगळा पावसाळा लागला होता आणि शिवाय वर थोडी थंडी. लोक म्हणतात, माणूस जसा वागतो तसं मरण येतं. तुमच्या दोघांकडे बघून मी सांगते, ते खोटं आहे.

शकू माझी पाठची. बेल्ह्याच्या आमच्या घरातल्या दोन्ही पोरी तुमच्या घरात आल्या, मी तुमच्या दादांना आणि ती तुम्हाला. ती माझी जाऊ झाली तरी मला आक्काच म्हणायची. तिच्या आजारपणात तुम्ही तिचं सगळं केलंत, नवरे करत नाहीत ते सगळं. अंग पुसणं, भांडं देणं, वेणी घालणं. गावात तुमचं नाव झालं. मला मात्र हात लावू दिला नाहीत. मी फणी घेऊन आले की म्हणायचा, "राहू द्या वहिनी, मी आहे ना." तुम्ही होता, हे दिसत होतं. मीही होते, हे तुम्हाला दिसत नव्हतं.

मामंजींनी बुद्धाची दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हाऱ्यातले टाक उचलले आणि घोड नदीत सोडून आले. देवांचे सोडले तसे वाडवडिलांचेही सोडले. त्यानंतर आपल्या घरात पितर घातले गेले नाहीत. कावळ्याला घास नाही, पिंड नाही. मेलेला माणूस मेला, त्याचं चांगलं असेल ते धरायचं आणि आपण कामाला लागायचं, असं मामंजी सांगायचे. मी नवी नवी होते, मला ते कठीण वाटायचं. तुम्हाला कधीच वाटलं नाही. भाद्रपदात शेजारच्या घरांवर कावळे जमले की तुम्ही ओट्यावरून ओरडायचा, "वहिनी, बघा, कावळ्यांचा पगार सुरू झाला!" शकू हसून हसून भिंतीला टेकायची.

तोच माणूस म्हातारपणी सर्वरमध्ये पितरं बसवील असं कुणाला वाटलं असतं?

पुस्तिका वाचणाऱ्यांत माझ्यासारखी अडाणी माणसंही असतील, म्हणून थोडं समजावून लिहिते. चुकलं तर अनिल दुरुस्त करील. तुम्ही नोकरी सोडलीत आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत संगणक मांडलेत. घोडेगावात तेव्हा संगणक म्हणजे नवल होतं. सगळ्या मशीनच्या वायरी एका मोठ्या मशीनला जोडलेल्या, तो सर्वर. सकाळी मी कुलूप काढून झाडलोट करायची आणि तुम्ही बटणं दाबत यायचा. मशीन सुरू झालं की ते सर्वरला विचारतं, माझा नंबर काय? सर्वर त्याला नंबर देतो. नंबर मिळाला तर त्या मशीनला बोलता येतं, नाही मिळाला तर ते जागेवर पेटलेलं असतं पण त्याचं कुणी ऐकत नाही. काही नंबर राखून ठेवता येतात. प्रत्येक मशीनच्या पोटात एक पट्टी असते आणि त्या पट्टीची खूण जन्मापासून ठरलेली. सर्वरला सांगून ठेवायचं, ह्या खुणेचं मशीन आलं तर हाच नंबर द्यायचा, दुसऱ्या कुणाला हा द्यायचा नाही. बास. यात कुठे कुणाचं मरण येतं? पण तुम्ही आणलंत.

आपल्याकडे शाळेच्या पंख्यावर नाव असतं, मंदिराच्या पायरीवर नाव असतं, स्मशानातल्या शेडवरही असतं. घोडेगावात तुम्ही कुठल्याही बाकावर बसा, कुणाच्या तरी मेलेल्या बापावर बसता. तसेच संगणकही आले. एक कुणी मुंबईत नोकरीला लागला, त्यानं आईच्या नावानं दिला. एका किराणावाल्यानं भावाच्या नावानं दिला. ट्रॅक्टरच्या नंबरपाट्या रंगवणारा पेंटर येऊन प्रत्येकाच्या पाठीवर लिहून जायचा, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. सगळ्यांत पहिला तुमच्या पैशानं आला, त्यावर लिहिलं, कालकथित शकुंतला. तिथवर मला काही म्हणायचं नव्हतं. मीही त्या अक्षरांवरून रोज फडकं फिरवायची.

मग तुम्ही सर्वरमध्ये प्रत्येक मशीनला नंबर राखून ठेवलात आणि त्या नंबरापुढे मेलेल्या माणसाचं नाव घातलंत. घरची मंडळी बघायला आली की पडद्यावर बोट ठेवून दाखवायचा, "हा बघा तुमच्या आईंचा. हा दुसऱ्या कुणाला जायचा नाही." बाया डोळ्यांना पदर लावायच्या. एकीनं तर पडद्याला हळदकुंकू लावलं आणि तुम्ही गुपचूप लावू दिलंत. ती गेल्यावर मी म्हणाले, "कावळा तेवढा ऱ्हायला." तुम्हाला राग आला.

पहिला नंबर शकूचा होता. दुसरा थोरल्या पाटलांचा, आण्णांचा. ते का, हे मला माहीत आहे. तुम्ही टेलिफोन खात्यात नवे होता तेव्हा पाटलांच्या घरी लाईन जोडायला गेला होता. वळचणीला खोचून ठेवलेला कानतुटका कप काढून त्यातून तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही तो पिऊन, कप धुऊन, परत वळचणीला खोचून आलात. घरी येऊन शकूजवळ एकदाच बोललात, परत कधी नाही. त्याच घरानं वडिलांच्या नावानं संगणक दिला. गावच्या यात्रेत पहिला नारळ त्यांचा. पाटलांचा मुलगा सर्वरसमोर उभा राहून म्हणाला, "आण्णांचा नंबर दुसरा का हो, राव? पहिला कुणाचा?" तुम्ही म्हणालात, "पहिला माझ्या बायकोचा. आधी ती आली." मी दारात चपला नीट लावत होते. त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणी म्हणू नये की हिला काही कळलंच नाही.

पण मशीन म्हणजे मशीन. जुनी होतात. शकूच्या मशीनवर विजेचा लोळ टेलिफोनच्या वायरीतून आला आणि आतलं सगळं करपलं. तुम्ही ते भंगारवाल्याला दिलंत आणि त्यानं टेम्पोत टाकून नेलं. नंबर मात्र पुसला नाहीत. मग किराणावाल्याच्या भावाचं गेलं, मग त्या मुंबईवाल्याच्या आईचं. त्यांच्या जागी नवी आली, दुसऱ्यांच्या नावांची, त्यांना पुढचे नंबर. जुने तसेच. केंद्रात संगणकाची परीक्षा घेणाऱ्या पुण्याच्या लोकांनी नंबर आखून दिले होते, त्याच्या बाहेरचा नंबर त्यांचा प्रोग्रॅम ओळखत नव्हता. नंबर मोजके, मेलेली माणसं वाढत चाललेली.

अनिलनं मला हे जेवताना सांगितलं होतं. मी तुम्हाला म्हणाले, "भावजी, बेल्ह्याच्या बाजारात परतेक येपाऱ्याचा खुंटा ठरलेला असतोय. येपारी मेला तर फुडल्या बाजाराला तिथं दुसऱ्याचा बैल. मेल्याचा पोरगा आला तरी त्यानं नवा खुंटा शोधायचा. कुणी रडत न्हाई."

"तो बाजार आहे, वहिनी."

"मंग ह्ये काय हाय? घाट?"

"टेलिफोनचा नंबरही माणूस गेल्यावर त्याच्याच नावावर चालतो."

"चालतोय, कारण मागं ऱ्हायलेला त्यो फोन वापरतोय. शकूचा नंबर कोण वापरतंय? तिचं तर डबडं बी भंगारात गेलं."

तुम्ही ताटावरून उठलात. भाकरी अर्धी होती. मी ती कुत्र्याला घातली.

आता सुरेखाचं.

सुरेखा शिनोलीच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. घरात भात, नाचणी आणि भावंडं. वाडीतून शिनोलीपर्यंत पायी यायची, तिथून जीप मिळाली तर जीप. बारावी झालेली. तिच्या ग्रामपंचायतीत संगणक चालवायला माणूस घ्यायचं ठरलं होतं, पण परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. ते मिळालं तर नोकरी, नाही तर बाप लग्न ठरवून बसलेला. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, चपला काढता काढता. माझ्यासाठी एकदा खुरासणीची चटणी आणली होती तिनं, केळीच्या पानात बांधून.

तुम्ही तिला चांगलं शिकवलंत. खोटं बोलणार नाही. एक पोरगा तिच्या बोलण्याला हसला तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "संगणकाला 'होतं' पण कळत नाही अन् 'व्हतं' पण कळत नाही. तू गप टाईप कर." तिचा पाठीचा कणा त्या दिवशी सरळ झाला. डोंगरातल्या पोरी तुमच्याकडे शिकायला यायच्या त्या याच्यासाठी. घरी त्यांना कुणी बस म्हणत नव्हतं, तुम्ही खुर्ची ओढून देत होता.

परीक्षेच्या सकाळी पुण्याहून तपासनीस आला. पांढरा शर्ट, सारखं घड्याळाकडे बघणारा. वाचनालयाच्या मंडळानं वर्गणी काढून घेतलेली नवी मशीनं त्याच आठवड्यात बसवली होती, त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. पोरं बसली. जुनी मशीनं सुरू झाली. नवी पेटली, पण सर्वर त्यांना नंबर देईना. अनिल माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "आई, नंबर संपलेत." त्यानं ते तुम्हालाही सांगितलं. तुम्ही ऐकलंत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, तुम्हाला त्याच्याही आधीपासून माहीत होतं.

तरी तुम्ही काय केलंत? वायरी तपासल्यात. पकड घेऊन टेबलांखाली शिरलात. चांगल्या वायरींची टोकं छाटून नवी बसवलीत. पोरं पाय वर घेऊन बसली होती. तपासनीस म्हणाला, "काका, आटपा, मला फाईल पाठवायची असते." तुम्ही टेबलाखालून म्हणालात, "झालंच." काय झालंच? तुम्ही तिथे खाली काय शोधत होता, भावजी? तिथे धुळीशिवाय काही नव्हतं, आणि धूळही मी सकाळी काढली होती.

शेवटी तुम्ही सर्वरसमोर बसलात. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी राहिले. तुम्ही यादीच्या खालच्या टोकापासून सुरुवात केलीत. ज्यांची मशीनं भंगारात गेली होती त्यांची नावं एकेक पुसत वर आलात. मुंबईवाल्याची आई पुसली. किराणावाल्याचा भाऊ पुसला. पाटलांचे आण्णा पुसले, त्यांचं मशीनही आदल्याच महिन्यात मेलं होतं. हात अडखळला नाही. मागे खोलीत एकेक मशीन बोलायला लागलं, पोरं "आलं, आलं" म्हणायला लागली. सगळ्यांत वरच्या ओळीपाशी तुम्ही थांबलात. ती ओळ मला ओळखू येत होती, इंग्रजी आलं नाही तरी.

मी म्हणाले, "ती वरची?"

"ती राहू द्या."

"एक मशीन आजून बंद हाय."

"त्याच्या वायरीत दोष आहे."

"भावजी."

"वहिनी, तुम्ही बाहेर जा."

राहिलेल्या मशीनवर सुरेखा होती. तुम्ही उठलात, पकड घेतलीत आणि परत तिच्या टेबलाखाली शिरलात. तपासनीसानं वाट बघितली आणि मग तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. गैरहजर! पोरगी समोर बसलेली. ती म्हणाली, "सायेब, मी हाय की हितं." तो म्हणाला, "मशीन नाही तर मी काय करू? पुढच्या परीक्षेला बसा." सगळ्यांची परीक्षा सुरू झाली, सगळ्यांची बोटं चालायला लागली आणि ती हात मांडीवर ठेवून पेटलेल्या पडद्याकडे बघत बसली. उठ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संपल्यावर ती तुमच्या पाया पडली. म्हणाली, "सर, तुमी माझ्यापायी लई धडपड केली. माझंच नशीब." तुमच्या गुडघ्यांना धूळ लागली होती ती तिनं आपल्या ओढणीनं झटकली. तुम्ही झटकू दिलीत. पाटलांच्या घरचा कप धुऊन ठेवलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. सुरेखानं तुमचे गुडघे झटकले तेव्हा काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढची परीक्षा झाली तोवर ग्रामपंचायतीची जागा भरली गेली. सरपंचाचा भाचा लागला. सुरेखाचं त्याच लग्नसराईत लग्न झालं, नवरा ऊसतोडीच्या टोळीत, पारगावच्या बाजूला. बारावी झालेली पोरगी कोयता घेऊन उसात गेली.

मी तुम्हाला सोडलं नाही. चहा देताना बोलले, भाजी निवडताना बोलले. "शकूला पोरगी आसती तर ती आशीच आसती का न्हाई?" असंही बोलले. ते लागलं तुम्हाला, मला दिसलं. लागावं म्हणूनच बोलले होते. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाच तोंड उघडलंत. म्हणालात, "वहिनी, ती जागा तिला मिळालीच नसती. भाचा आधीच ठरलेला होता."

मी म्हणाले, "मंग त्या जागंनं तिला नाय म्हनू द्यायचं व्हतं. तुमी कोन?"

तुम्ही चष्मा पुसत बसलात. विषय तिथेच राहिला, अजून तिथेच आहे.

तुम्ही पुसलेल्या माणसांच्या घरच्यांना कधी कळलं नाही. पाटलांचा मुलगा पुढेही पाहुण्यांना घेऊन यायचा आणि तुम्ही पडद्यावर कुठल्याशा ओळीवर बोट ठेवायचा. त्याला इंग्रजी येत होतं, पण त्यानं नीट वाचलं नाही. माणसं अशीच असतात. नंबर राखलाय एवढं ऐकलं की झालं, आहे का ते कुणी बघत नाही. दुसऱ्यांची मेलेली माणसं तुम्हाला पुसता आली. ती पुसली त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो शहाणपणाच होता. तोच शहाणपणा एक ओळ वर गेला नाही.

तुमचं ऋणही आहे, तेही लिहिते, नाही तर पुस्तिकावाले हा लेख घेणार नाहीत. दादा गेले तेव्हा भावकीतले लोक वाटणीचं बोलायला आले. तुम्ही त्यांना दारातच म्हणालात, "ह्या घरात वाटणी वहिनी करतील, त्यांना वाटेल तेव्हा." मला कधी वाटलं नाही. माझ्या अनिलला तुम्ही ओरडून, मारून शिकवलंत, आज तो त्या खोलीत बसतो ते तुमच्यामुळे. मी दमले की तुम्ही न बोलता घागर उचलायचा. म्हातारपणी एका घरात विधवा भावजय आणि विधुर दीर, लोक काय काय बोलले असते. तुम्ही असे वागलात की कुणाला बोलायला जागा मिळाली नाही. एवढा नीट माणूस. म्हणून तर राग जात नाही. बेवड्यानं केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

काल सुरेखा आली होती.

कुणाकडून कळलं कुणास ठाऊक. जलदानाला नेसायला पांढरं लुगडं मिळालं नसेल, फिकी साडी नेसून आली होती. कडेवर पोर, हातावर कोयत्याचे वण. तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, पोराला हात जोडायला लावले. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, सरांनी त्या दिशी माझ्यासाठी टेबलाखाली घुसून घुसून जीव काढला. माझा बाप बी येवढा वाकला नसता माझ्यासाठी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाकीचे देवमाणूस म्हणाले ते मी गिळलं होतं. हिचं गिळवलं नाही. मी तिला सांगितलं. तिथेच, तुमच्या फोटोसमोर, मेणबत्ती जळत असताना. वायरीत काही दोष नव्हता. एक नंबर मोकळा करायचा होता, तो त्यांनी केला नाही. दुसऱ्यांचे केले, तेवढा एक केला नाही.

ती पोराच्या नाकाचा शेंबूड पुसत होती. हात थांबला.

"कुनाचा व्हता त्यो नंबर?"

"त्यांच्या बायकूचा. माझ्या बहिणीचा."

"त्या तवा हयात व्हत्या?"

"न्हाई. कवाच मेलती."

तिनं फोटोकडे बघितलं. मला वाटलं रडेल, नाही तर मेणबत्ती विझवेल. तिनं तसं काही केलं नाही. साधं विचारलं, भाजीचा दर विचारावा तसं. "मंग द्यायचा ना मला. त्यांना काय परीक्षा द्यायची व्हती का?"

मी म्हणाले, "आता बस परीक्षेला. अनिलला सांगते."

"आता कशाला, काकू," ती म्हणाली. "आता बोटं वळत न्हाईत." आणि हात पुढे करून दाखवले. मग पोराला जेवायला घेऊन पंगतीत गेली. आमटी दोनदा घेतली. जाताना माझ्या पाया पडली, तुमच्या फोटोकडे गेली नाही. तुमच्या सगळ्या जलदानात मला तेवढंच खरं वाटलं.

संध्याकाळी पाटलांचा मुलगा आणि मंडळाची माणसं बसली होती. ठराव करत होती, केंद्राला तुमचं नाव द्यायचं, तुमच्या नावानं एक नवं मशीन घ्यायचं आणि त्याचा नंबर कायमचा राखून ठेवायचा, शकूच्या नंबराच्या शेजारी. मी म्हणाले, "नाव द्या. मशीन घ्या. नंबर कुणाचा बी ऱ्हानार न्हाई." पाटलांचा मुलगा म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवशी तरी असं बोलू नका." मी म्हणाले, "आजच बोलते. उद्या तुमी नावाची फरशी बसवाल."

ते गेल्यावर मी अनिलला घेऊन केंद्रात गेले. सर्वर लावायला सांगितला. वरची ओळ तशीच होती. तो म्हणाला, "आई, काकांना जाऊन अजून..." मी म्हणाले, "काकाला जाऊन झालं, काकूला जाऊन तर जमाना झाला. पुस." त्याचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. तुमचाच शिष्य. मी त्याला म्हणाले, "सरक." तो सरकला. कुठलं बटण ते त्यानं बोटानं दाखवलं. यंत्रानं एकदा विचारलं, नक्की पुसायचं का? अनिलनं वाचून दाखवलं. मी हो म्हणाले आणि दाबलं. ओळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या. बाकी काही झालं नाही. शकू जेवढी गेलेली होती तेवढीच गेलेली राहिली.

आज सकाळी, सुरेखा बसली होती त्या कोपऱ्यातल्या मशीनवर कुणी एक पोरगा पत्त्यांचा खेळ खेळत होता. त्याला मी उठवलं नाही.

आता एवढंच विचारते आणि थांबते. त्या सकाळी तुम्ही मला बाहेर जा म्हणालात. त्याच्याऐवजी म्हणाला असतात, वहिनी, माझ्यानं पुसवत नाही, तर मी तांब्या खाली ठेवला असता आणि तेव्हाच पुसलं असतं. मी कुणाला काही बोलले नसते. नंतर टोमणाही मारला नसता. ती तुमची बायको होण्याच्या आधी माझी बहीण होती, भावजी. तिची वेणी मी घालत होते. तिला पुसायचा हक्क तुमच्यापेक्षा माझा जुना होता, आणि तुम्ही तोही मला दिला नाहीत.